निकाली म्हणावा असा विजय कोणता? खेळ, राजकारण आणि कोर्ट

नीराकाठ (धागाकर्ती)

आमच्या गावच्या जत्रेत दरवर्षी कुस्त्यांचा फड भरतो. आठ-नऊ वर्षांपूर्वीची शेवटची, मोठ्या इनामाची कुस्ती मला अजून लख्ख आठवते. दोन्ही पैलवान तोलामोलाचे होते. अर्धा तास उलटून गेला तरी कोणाचीच पाठ मातीला लागत नव्हती, दिवस मावळायला आला होता आणि पंच कुस्ती बरोबरीत सोडवण्याच्या विचारात होते. तेव्हा फडाच्या चारी बाजूंनी "निकाली करा, निकाली!" असा एकच गलका उठला. इनाम कोणाला मिळते याच्याशी त्या गर्दीला फारसे देणेघेणे नव्हते; घरी परतताना जिच्यावर वाद घालता येणार नाही, अशी कुस्ती लोकांना पाहायची होती.

वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर अलीकडे प्रत्येकच विजय 'ऐतिहासिक' ठरू लागल्यामुळे मला 'निकाली' हा शब्द वारंवार आठवतो. नगरपालिकेची पोटनिवडणूक असो, तीन सामन्यांची मालिका असो किंवा न्यायालयाने दिलेली अंतरिम स्थगिती असो, सगळ्यांना एकच विशेषण लागते, आणि मग खरोखर मोठे काही घडले तर ते सांगायला वेगळा शब्द उरत नाही.

फरकाचा आकडा हे मोजमाप मला पुरेसे वाटत नाही. १९८४ च्या डिसेंबरात लोकसभेच्या ५१४ जागांसाठी मतदान झाले आणि त्यांपैकी ४०४ जागा काँग्रेसने जिंकल्या. त्याआधी किंवा त्यानंतर एवढे यश कोणत्याही पक्षाला मिळालेले नाही. पाचच वर्षांनी, १९८९ मध्ये, त्याच पक्षाच्या जागा १९७ वर आल्या. आकड्याने मोजायचे तर तो देशातला सर्वांत मोठा निवडणूक विजय होता, पण त्या विजयाने कायमचे काय बदलले, असे विचारले तर उत्तर देताना अडखळायला होते.

माझे म्हणणे आधीच मांडून ठेवते, म्हणजे त्यावर बोलता येईल. विजय किती मोठा होता हे हरलेल्या बाजूने दुसऱ्या दिवसापासून काय केले यावरून कळते. हरलेल्याला आपल्या जुन्या जागी परत जाऊन तोच डाव पुन्हा मांडता येत असेल, तर तो विजय निकाली म्हणता येणार नाही. त्याला नवा निकाल धरूनच पुढे चालावे लागले, तर फरक एका मताचा का असेना, तो विजय मोठा. ही तीन क्षेत्रे मी मुद्दाम निवडली, कारण हार-जीत जाहीर करणारा माणूस या तिन्ही ठिकाणी रीतसर नेमलेला असतो. जाहीर झालेला निकाल आणि लोकांनी मनात धरलेला निकाल यांत अंतर कुठे पडले, याची ठोस उदाहरणे सभासदांनी द्यावीत. सध्याच्या पक्षांवरची चर्चा इथे नको, अशी विनंती.

चौथा चेंडू

नीराकाठ, आपली कसोटी राजकारणाला लागू पडत असेल, पण क्रिकेटला लावली तर आपल्या देशाचा सर्वांत गाजलेला विजयच बाद ठरेल. २५ जून १९८३ रोजी लॉर्ड्सवर भारताचा डाव १८३ धावांत आटोपला, आणि आधीचे दोन्ही विश्वचषक जिंकलेला वेस्ट इंडिजचा संघ १४० धावांत बाद झाला. आता हरलेल्या बाजूने काय केले ते पाहा. त्याच हिवाळ्यात क्लाइव्ह लॉइड आपला संघ घेऊन भारतात आले, सहा कसोटींची मालिका त्यांनी ३-० अशी जिंकली आणि पाचही एकदिवसीय सामन्यांत आपल्याला हरवले. त्यांनी लॉर्ड्सचा निकाल मुळीच मान्य केला नाही, उलट तो चुकून लागला होता असेच सिद्ध करायला ते आले होते, आणि मैदानावर त्यांनी ते जवळजवळ सिद्धही केले.

तरीही १९८३ चा विजय मोठाच आहे, कारण बदल हरणाऱ्यांत झाला नसला तरी इतरत्र झाला. पहिले तिन्ही विश्वचषक इंग्लंडमध्ये झाले होते. १९८७ ची स्पर्धा भारत आणि पाकिस्तान यांनी मिळून भरवली आणि अंतिम सामना कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर झाला. नियामक मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष नागपूरचे एन. के. पी. साळवे यांनी त्यासाठी बरीच खटपट केली, पण विश्वविजेत्या देशाचा अध्यक्ष म्हणून बोलताना त्यांच्या शब्दाला जे वजन आले, ते त्या ४३ धावांमुळेच.

आमच्या घरात मात्र १९७१ चे पारडे नेहमीच जड राहिले आहे; त्या वर्षी आपण वेस्ट इंडिज आणि इंग्लंड या दोन्ही ठिकाणी कसोटी मालिका जिंकल्या. वडिलांच्या तोंडून मी इंग्लंडमधल्या ओव्हलपेक्षाही वेस्ट इंडिजमधल्या किंग्स्टनची गोष्ट जास्त वेळा ऐकली. त्या कसोटीचा पहिला दिवस पावसात वाया गेला होता. मडगावात जन्मलेल्या दिलीप सरदेसाई यांनी २१२ धावा करून डाव सावरला आणि भारताला १७० धावांची आघाडी मिळाली. सामना चार दिवसांचा उरला की २०० ऐवजी १५० धावांच्या आघाडीवर फॉलोऑन देता येतो, म्हणजे समोरच्या संघाला लागोपाठ दुसऱ्यांदा फलंदाजीला लावता येते, हा नियम आपले कर्णधार अजित वाडेकर यांना पक्का ठाऊक होता, आणि त्यांनी तो वेस्ट इंडिजचे कर्णधार गॅरी सोबर्स यांना जाऊन सांगितला. सामना अनिर्णित राहिला. वेस्ट इंडिजला फॉलोऑन देता येतो ही गोष्ट त्या दिवशी आपल्या ड्रेसिंग रूममध्ये प्रत्येकाला कळली, आणि वडिलांच्या मते मालिका तिथेच जिंकली गेली होती. पुढच्या कसोटीत, पोर्ट ऑफ स्पेनला, फक्त शिक्कामोर्तब झाले. त्यानंतर २४ ऑगस्टला, गणेश चतुर्थीच्या दिवशी, चंद्रशेखर यांच्या ६ बळींच्या जोरावर ओव्हलवर इंग्लंडमधली पहिली कसोटी आणि पहिली मालिका आपण जिंकली. तिथल्या भारतीय प्रेक्षकांनी प्राणिसंग्रहालयातून एक हत्तीण आणून मैदानावर फिरवली होती.

तीनच वर्षांनी त्याच इंग्लंडमध्ये आपण लॉर्ड्सवर ४२ धावांत गुंडाळले गेलो, मालिका ३-० अशी हरलो आणि वाडेकरांची कारकीर्द तिथे संपली. म्हणून खेळापुरते मी आपल्या विरुद्ध मत मांडतो. इथे हरलेल्याला पुन्हा खेळण्याचा हक्क असतोच, त्यामुळे मोठेपण ठरवायचे तर जिंकणाऱ्यांच्या मागून आलेल्या मुलांना काय शक्य वाटू लागले, हे पाहावे लागते.

तांबडी माती

धाग्याच्या नावातच आमचा शब्द आला म्हणून लिहितो आहे. मातीतल्या कुस्तीत निकाली म्हणजे चितपट. दोन्ही खांदे जमिनीला टेकले पाहिजेत. मॅटवरच्या कुस्तीत गुण असतात, वेळ संपली की ज्याचे गुण जास्त तो जिंकला, आणि हरलेल्याला "मला पाडले कुठे?" असे म्हणायला जागा राहते. जुने वस्ताद गुणांची कुस्ती मनापासून कधी मानत नसत, त्याचे कारण हेच.

पण या कसोटीवर खाशाबा जाधवांचे काय करायचे? कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान १९४८ मध्ये लंडनला सहावा आला आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला बँटमवेट गटात तिसरा आला. म्हणजे तिथे तो हरलाही होता. सुवर्ण जपानच्या पैलवानाने नेले आणि रशियाच्या पैलवानाकडूनही खाशाबांना हार पत्करावी लागली. तरीही स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे जमवताना त्यांना दारोदार फिरावे लागले होते, आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून त्यांना ७,००० रुपये दिले होते. परत आल्यावर कराडपासून गावापर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. कांस्यपदकासाठी निघालेल्या त्या मिरवणुकीतल्या कोणालाही आपला माणूस तिसरा आला असे वाटत नव्हते.

मात्र त्यात हरलेली बाजू शोधायची तर ती आखाड्यात सापडत नाही. गावाकडच्या पोराला परदेशी पाठवून काय उपयोग, असे म्हणणाऱ्यांची ती बाजू होती, आणि ती काही लगेच सुधारली नाही. पुढचे वैयक्तिक पदक १९९६ मध्ये लिअँडर पेस यांनी मिळवले, म्हणजे मध्ये ४४ वर्षे गेली. महाराष्ट्राच्या खेळाडूला पुन्हा वैयक्तिक पदक मिळायला २०२४ उजाडले. पॅरिसला नेमबाजीत ते मिळवणारे स्वप्नील कुसाळे कोल्हापूर जिल्ह्यातले. खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मरणोत्तर. चौथा चेंडू यांचे माप लावायचे तर मागून आलेल्या पोरांना सोय मिळाली नाही, फक्त नाव मिळाले. तालमीत मात्र त्या नावावरच आमच्या दोन पिढ्यांनी जोर मारले आहेत, त्यामुळे त्या पदकाला लहान म्हणणे माझ्याने होणार नाही.

ता. क.: नीराकाठ ताई, त्या इनामाच्या कुस्तीचे पुढे काय झाले ते आपण सांगितलेच नाही.

आबोली

मी फोंड्याची. आपल्या कसोटीला चपखल बसेल असा एक निकाल आमच्या घराने हरणाऱ्यांच्या बाजूने अनुभवला आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळा राहावा, एवढाच प्रश्न होता. विलीनीकरणाची निशाणी फूल होती आणि वेगळे राहण्याची दोन पाने. १,३८,१७० मते फुलाला मिळाली आणि १,७२,१९१ दोन पानांना. फरक ३४,०२१ मतांचा. माझे वडील फुलावर शिक्का मारणाऱ्यांपैकी होते. मराठी शाळेत शिकलेले, मराठीतच हिशेब लिहिणारे आणि भजनाला मराठी अभंगच म्हणणारे. महाराष्ट्रात जाणे त्यांना घरी जाण्यासारखे वाटत होते. निकाल कळला त्या रात्री ते जेवले नाहीत, असे आई सांगत असे.

मराठी विरुद्ध कोंकणी असा तो सरळ सामना होता, असे घाटावरच्या अनेक वाचकांना वाटते, पण ते पूर्ण खरे नाही. वेगळेपणाच्या बाजूने सर्वांत जोरकस लेखन 'राष्ट्रमत' या मराठी दैनिकात होत होते. मराठी वाचणाऱ्या हिंदू घरांपर्यंत तो विचार मराठीतूनच पोहोचला आणि मते तिथेच फिरली. डॉ. जॅक सिक्वेरा यांचे नेतृत्व मोठे होतेच, पण फुलाच्या बाजूची वाटणारी काही घरे आतून दोन पानांकडे वळल्याशिवाय एवढा फरक पडला नसता.

आता हरलेल्या बाजूने काय केले, ते सांगते. भाऊसाहेब बांदोडकर विलीनीकरणाचे सर्वांत मोठे पुरस्कर्ते होते. कौल निःपक्षपातीपणे व्हावा म्हणून त्यांनी आधीच मुख्यमंत्रिपद सोडले होते. कौल हरल्यावर दोनच महिन्यांनी, मार्च १९६७ मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली आणि महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने ती जिंकली. भाऊसाहेब पुन्हा मुख्यमंत्री झाले, १९७३ मध्ये निधन होईपर्यंत त्या पदावर राहिले आणि पक्ष १९७९ पर्यंत सत्तेत होता. जानेवारीत फुलावर शिक्का मारणाऱ्या माझ्या वडिलांनी मार्चमध्ये या पक्षाच्या निशाणीवर, सिंहावर, मारला. पहिल्या वेळी हरले आणि दुसऱ्या वेळी जिंकले. ज्या पक्षाच्या नावातच महाराष्ट्र आहे, त्याने गोव्याचा वेगळा कारभार चालवला, गावोगाव शाळा काढल्या, आणि त्या कारभारामुळेच गोवा वेगळा राहू शकतो हे लोकांना पटत गेले. कौल जिंकणाऱ्यांनी लावलेले झाड हरणाऱ्यांनी शिंपले, असे मला वाटते. ३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झाला, तेव्हा वडील आमच्याबरोबर मिरवणूक पाहायला आले होते. 'आपण हरलो होतो' असे ते त्यानंतर कधी म्हणाल्याचे मला आठवत नाही, मराठी वाचणे मात्र त्यांनी शेवटपर्यंत सोडले नाही.

सरसनिरस

मी तालुक्याच्या कोर्टात दिवाणी दावे चालवतो. आमच्याकडे पक्षकाराला पहिल्याच दिवशी सांगावे लागते की हुकूमनामा मिळाला म्हणजे अर्धेच काम झाले. दावा जिंकल्यावर हुकूमनामा अमलात आणण्यासाठी दरखास्त दाखल करावी लागते, आणि दावा जिंकून दरखास्तीत म्हातारे झालेले लोक प्रत्येक कोर्टाच्या व्हरांड्यात बसलेले दिसतात.

एका बहिणीने वडिलोपार्जित जमिनीत हिस्सा मागितला होता. अकरा वर्षांनी तिच्या बाजूने हुकूमनामा झाला आणि पेढ्यांचा पुडा घेऊन ती माझ्या कचेरीत आली. शेतजमिनीचे सरस-निरस, म्हणजे जमिनीचा कस पाहून केलेले, वाटप कलेक्टरमार्फत होते, त्यामुळे मोजणीची नोटीस निघायला आणखी काळ गेला, आणि त्या काळात भावाकडून भाऊबीजेचे बोलावणे येणे बंद झाले. मोजणीच्या दिवशी मी मुद्दाम गेलो, कारण अशा दिवशी शिवीगाळ होते आणि काठ्याही निघतात. भाऊ बांधावर उभाच होता. मोजणीदाराला जुन्या हद्दीचे दगड सापडेनात, तेव्हा त्याने स्वतः काटेरी झुडूप बाजूला करून दगड दाखवला आणि बहिणीला म्हणाला, "विहिरीकडचा तुकडा घे, तिकडं पाणी आहे." निकालपत्रात विहिरीचा उल्लेखही नव्हता. माझ्या कारकिर्दीत मी काही मोठ्या रकमांचे दावे जिंकले आहेत, पण मोठा विजय कोणता असे विचारले तर मला तो दगड आठवतो.

आता कायद्याच्या इतिहासातले उदाहरण देतो. केशवानंद भारती खटल्याचा निकाल २४ एप्रिल १९७३ रोजी लागला. १३ न्यायाधीश, ६८ दिवस सुनावणी आणि ७ विरुद्ध ६ असा निसटता कौल. संविधानाची मूलभूत चौकट संसदेलाही मोडता येत नाही, हे तत्त्व त्यातून आले. केशवानंद हे केरळातल्या एडनीर मठाचे प्रमुख होते आणि जमीन सुधारणा कायद्यात मठाची जमीन जाऊ नये म्हणून ते कोर्टात आले होते. ज्या घटनादुरुस्त्यांना आव्हान दिले होते त्या बहुतांशी टिकल्या आणि केशवानंदांना जे हवे होते ते मिळाले नाही. म्हणजे ज्याच्या नावाने देश तो विजय ओळखतो, तो पक्षकार स्वतःचा दावा हरलेला होता. निकालानंतर लगेच बहुमतातल्या तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून न्यायमूर्ती रे यांना सरन्यायाधीश केले गेले. त्या आठवड्यात कोणी विचारले असते तर सरकारच जिंकले असे उत्तर मिळाले असते.

उत्तरपेठ

सरसनिरस यांच्या मुद्द्याला जोडून रायबरेलीचे उदाहरण द्यावेसे वाटते, कारण तिथे एकच लढत मतपेटीत आणि कोर्टात आलटून पालटून झाली. १९७१ मध्ये राजनारायण इंदिरा गांधींकडून १,११,८१० मतांनी हरले. एवढ्या फरकानंतर निवडणुकीला कोर्टात आव्हान देणारा अर्ज करणे लोकांना हट्टीपणा वाटला होता, पण १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी ती निवडणूक रद्द ठरवली. पुढे आणीबाणी आली, घटनादुरुस्ती आली, आणि नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची निवडणूक वैध ठरवली. १९७७ मध्ये त्याच मतदारसंघात राजनारायण ५५,२०२ मतांनी जिंकले, आणि १९८० मध्ये इंदिरा गांधी ३५३ जागा घेऊन सत्तेवर परतल्या. यातला निकाली विजय कोणता म्हणायचा?

सरसनिरस

माझे उत्तर थोडे अनपेक्षित वाटेल. ७ नोव्हेंबर १९७५ चा निकाल मी निवडेन, म्हणजे राजनारायण जो हरले तो. पंतप्रधानांची निवडणूक कोर्टाच्या कक्षेबाहेर ठेवणारा ३९ व्या घटनादुरुस्तीतला भाग त्याच निकालात रद्द झाला, आणि तोही केशवानंद खटल्यातल्या मूलभूत चौकटीच्या आधारावर. व्यक्ती म्हणून इंदिरा गांधी जिंकल्या, पण आणीबाणी चालू असताना न्यायालयाने संसदेला मर्यादा आहे असे सांगितले आणि त्या मर्यादेचा पहिला वापरही करून दाखवला. त्या वेळच्या सरकारला न पटलेले ते तत्त्व पुढच्या सरकारांना धरूनच चालावे लागले.

याच्या उलटही घडते. २८ एप्रिल १९७६ रोजी जबलपूरच्या बंदी प्रत्यक्षीकरण खटल्यात सरकार ४ विरुद्ध १ असे जिंकले. आणीबाणीत स्थानबद्ध माणसाला कोर्टात दाद मागता येणार नाही, असे ठरले. एकट्या न्यायमूर्ती खन्ना यांनी विरोधी मत दिले आणि त्यापायी त्यांचे सरन्यायाधीशपद गेले. बहुमतात पुण्यात जन्मलेले न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड होते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणाच्या हक्काच्या खटल्यात तो निकाल रद्द ठरवणारे निकालपत्र त्यांचेच पुत्र न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिले. जिंकलेल्या बाजूच्या वारसाने स्वतःच्या हाताने पुसलेला तो विजय आहे.

सावित्रीखोरे

इतका वेळ वाचत होतो. महाडचा उल्लेख अजून कोणी केला नाही, याचे थोडे आश्चर्य वाटले, कारण इथे विधिमंडळ, रस्ता आणि कोर्ट ही तिन्ही ठिकाणे एकाच तळ्याभोवती येतात.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत, असा ठराव सीताराम केशव बोले यांनी १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात संमत करून घेतला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर दोन विजय झाले, पण तळ्याचे पाणी त्या दोन्ही ठरावांनी हललेसुद्धा नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह चालत तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. त्यानंतर काही तासांतच परिषदेला आलेल्या लोकांवर हल्ले झाले, आणि पुढे १०८ घागरी पंचगव्य ओतून तळ्याचे 'शुद्धीकरण' केले गेले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला. डिसेंबरात दुसरा सत्याग्रह ठरला, तर तळे खाजगी आहे असा दावा लावून विरोधकांनी मनाई हुकूम आणला. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले, पण हजारो लोक जमलेले असताना बाबासाहेबांनी त्यांना समजावले आणि कोर्टाचा हुकूम मानून तळ्यावरचा सत्याग्रह थांबवला.

तो दावा दहा वर्षे चालला. १९३१ मध्ये महाडच्या कोर्टाने तो फेटाळला, १९३३ मध्ये ठाण्याच्या कोर्टाने अपील फेटाळले, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने दुसरे अपीलही फेटाळले. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची अनादी काळापासूनची रूढी वादींना सिद्ध करता आली नाही. न्यायमूर्तींपैकी एक ब्रूमफील्ड होते, ज्यांनी १९२२ मध्ये गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा दिली होती.

नीराकाठ, आपली कसोटी इथे मला अपुरी वाटते. हरलेल्या बाजूने काय केले हे पाहायचे, तर २० मार्चच्या संध्याकाळी ती बाजू लाठ्या घेऊन उभी होती, आणि १९३७ नंतरही महाडमधल्या कितीतरी मनांनी निकाल मानला नव्हता. हरणाऱ्याच्या मान्यतेची वाट पाहायची ठरवली, तर ज्याला पिढ्यान्‌पिढ्या पाणी नाकारले त्याचा विजय पाणी नाकारणाऱ्याच्या सहीवर अडून राहतो, आणि हे मला मान्य नाही. माझ्या आजोबांच्या मोठ्या भावाने त्या दिवशी पाणी प्यायले होते आणि डोक्याला खोक पडलेल्या अवस्थेत तो घरी आला होता. घरातल्या बायका जखम धुऊ लागल्या, तेव्हा तो पाण्याची चवच सांगत बसला होता. त्याला कोर्टाचा निकाल ऐकायला मिळाला नाही, तोपर्यंत तो गेला होता. तो हरून गेला, असे आमच्या घरात कोणीही म्हणत नाही. दरवर्षी २० मार्चला लोक तळ्यावर येऊन ओंजळ भरतात. १७ मार्च ही तारीख मात्र वकिलांनाच ठाऊक असते.

जुना वाचक

चर्चेचा सूर लक्षात घेऊन एक लहानशी गोष्ट सांगतो. डिसेंबर २०२० मध्ये ऑस्ट्रेलियात ॲडलेडला ३६ धावांत गारद झालेला भारतीय संघ जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेन जिंकून मालिका २-१ ने घेऊन परतला. प्रभारी कर्णधार अजिंक्य रहाणे माटुंग्याला घरी पोहोचले, तेव्हा शेजाऱ्यांनी कांगारू काढलेला केक आणला होता. रहाणे यांनी तो कापला नाही. कांगारू त्या देशाचे राष्ट्रीय प्रतीक आहे, असे कारण त्यांनी पुढे सांगितले. ब्रिस्बेनच्या त्या मैदानावर ऑस्ट्रेलिया १९८८ नंतर प्रथमच कसोटी हरली होती.

नीराकाठ (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. सावित्रीखोरे यांचा प्रतिसाद मी तीन वेळा वाचला, आणि मूळ धाग्यातले माझे वाक्य मागे घेते. दोन्ही बाजू आधीपासून बरोबरीच्या होत्या, असे मी न सांगता गृहीत धरले होते. गोव्याच्या कौलात प्रत्येकाच्या हातात एकच शिक्का होता, म्हणून हरलेल्यांनी निकाल आपला करणे हे तिथे मोठे ठरले. चवदार तळ्यावर एका बाजूला अजून उभे राहण्याचीही जागा नव्हती, आणि तिथे हरलेल्याची मान्यता मोजमाप म्हणून वापरणे अन्यायाचे होईल. चौथा चेंडू यांचा खेळाविषयीचा आक्षेपही मला पटला. सरसनिरस यांनी सांगितलेला हद्दीचा दगड मात्र मी माझ्या बाजूचा पुरावा म्हणून ठेवून घेते.

तांबडी माती, आपण विचारले म्हणून सांगते. त्या दिवशी कुस्ती बरोबरीतच सुटली आणि इनाम निम्मे-निम्मे वाटले. पुढच्या वर्षी जत्रा कमिटीने तीच जोड पुन्हा लावली, तेव्हा बाराव्या मिनिटाला घिस्सा डावावर ती चितपट झाली. हरलेला पैलवान आता शेजारच्या गावात तालीम चालवतो, आणि आमच्या गावची सहा पोरे पहाटे सायकलवरून त्याच्याकडेच मेहनतीला जातात.